खालचे पाटील

रिकाम्या खोलीच्या दारावर टकटक करून, क्षणभर थांबून, मगच आत पाऊल टाकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. खोली त्यांच्याच घरातली. आत माणूस नाही, मांजर नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. दाराची कडी बाहेरून त्यांनीच लावलेली. तरी दर शुक्रवारी सकाळी एका हातात झाडू आणि खांद्यावर पाण्याची कळशी घेऊन ते जिना चढायचे, शेवटच्या पायरीवर चपला काढायचे, बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे आणि अदबीने म्हणायचे, "येतंव हां."

आम्ही त्या घरात भाड्याने राहायला गेलो त्या पहिल्याच शुक्रवारी मी हे ऐकलं आणि बायकोला म्हटलं, "घरमालक ठीक दिसत नाही. दुसरी जागा बघायला हवी." दुसरी जागा काही मी बघितली नाही. चौदा वर्षं तिथेच राहिलो.

पनवेलच्या जुन्या बाजारात त्यांना सगळे 'खालचे पाटील' म्हणत. नाव थट्टेतूनच पडलं होतं. चांगलं दुमजली सागवानी घर, वर ऐसपैस हवेशीर खोली, खाडीच्या अंगाला पिवळ्या काचांची खिडकी, आणि मालक मात्र बायको-मुलासकट खालच्या तीन अंधाऱ्या खोल्यांत. मागच्या दीड खोलीत आम्ही. मे महिन्यात घामाच्या धारा लागायच्या, पण वर जाऊन पाठ टेकू म्हणून कोणी म्हणायचं नाही. मी त्यांना नाना म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे, कारण मी शाळेत चित्रकला शिकवायचो. मी घाटावरचा म्हणून सुरुवातीला जरा लांबून, 'तुमी मास्तर' असं चाललं. 'तुमी'वरून 'तू'वर यायला त्यांना चार वर्षं लागली. आले, तेव्हा मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

घराला गावात नाव होतं ते पाटलांचं नव्हतंच. रिक्षावाल्याला 'पाटलांकडे' म्हटलं तर तो विचारायचा, "कुठले पाटील? इथे दगड मारला तर पाटलाला लागतो." 'कासमशेठची माडी' म्हटलं की बिनबोभाट दारात आणून सोडायचा. कासमशेठ म्हणजे ज्यांनी हे घर बांधलं ते. नानांच्या जन्माआधीची गोष्ट. पनवेलच्या बंदराला तेव्हा खरंच गलबतं लागत होती. कासमशेठची स्वतःची तीन होती. मीठ, भात, लाकूड अशी ने-आण चालायची. पहिलं गलबत म्हातारं झालं तेव्हा त्यांनी ते मोडून टाकलं नाही. त्याच्या नाळेचं, म्हणजे अगदी पुढच्या टोकाचं, लाकूड काढून त्याचा घराच्या ओट्यावरचा पहिला खांब केला. त्या घरातलं माणूस बाहेर पडताना आणि परत येताना खांबाला तळवा लावायचं आणि तो कपाळाला टेकवायचं, जसं होडीत पाय टाकताना करतात तसं. कासमशेठची माणसं करायची, नंतर पाटलांची करू लागली, आणि दोन-तीन वर्षांत मीही करू लागलो. माणसाच्या उंचीवर तो खांब तळव्याच्या आकाराएवढा काळा आणि गुळगुळीत झाला होता.

नानांचे वडील कासमशेठच्या मिठागरावर मुकादम होते. पुढे ट्रकांची वाहतूक वाढली, खाडी गाळाने भरत आली, बंदराचा राम गेला. कासमशेठचा मुलगा आधीच आफ्रिकेच्या किनाऱ्याला दुकान थाटून बसला होता. त्याने बापाला तिकडे बोलावलं. जाण्याआधी कासमशेठनी घर मुकादमाला दिलं. रीतसर विकलं, कागद झाले. कागद झाल्यावर त्या रात्री म्हणे त्यांनी मुकादमाला खांबापाशी उभं केलं आणि एकच गोष्ट मागितली. माझी माणसं कधी पनवेलला आली तर त्यांना आपल्या गावात धर्मशाळा शोधायला लागू नये. वरची खोली त्यांची राहू दे. नानांच्या वडिलांनी खांबाला हात लावून हो म्हटलं. कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

"आमी घर इकत घेतलाव," नाना सांगायचे, "त्यांचा येना-जाना नाय इकत घेतला." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. ते सांगताना त्यांना आपण काही मोठं करतोय असं वाटत नसे. पाऊस आला की कौलं चाळावी लागतात, तितकंच साधं ते त्यांना होतं.

सुरुवातीची काही वर्षं ती माणसं खरंच येत असत. नाना सात-आठ वर्षांचे असताना कासमशेठची नात जुबेदा दोन उन्हाळे येऊन राहिली होती. नानांच्याच वयाची. दोघं भरती उतरली की खाडीवर शिंपले वेचायला जात. परत जायच्या दिवशी तिने सगळे शिंपले बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरले, वरच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवले आणि नानांना दम भरला, "हात लावू नको. मी आल्यावर मोजून घेईन." ती परत आली नाही. पत्रं यायची, ती थांबली. नानांचे वडील गेले. डबा कोनाड्यातच राहिला. नाना त्याच्यावरची धूळ पुसायचे, पण मी कधी त्यांना त्याचं झाकण उघडताना पाहिलं नाही.

"उघडून तरी बघा नाना, शिंपले आहेत की वाळू झाली," मी एकदा म्हटलं.

"मोजून ठेवलेत तिनी," नाना म्हणाले. "एक कमी भरला तर मी काय सांगू?"

मिठाच्या बाबतीत मात्र हा माणूस कोणाची भीड ठेवत नसे. कुणाकडेही जेवायला गेले की आधी पानातलं मीठ चिमटीत घेऊन बोटांवर चोळायचे. मिठागरं भरून त्यांच्यावर इमारती आल्या तरी बोटांना सवय उरली होती. पिशवीतलं बारीक मीठ बघितलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. "यो मीठ नाय, पीठ हाय," असं ते यजमानीण समोर असताना म्हणायचे. माझ्या मुलीच्या बारशाला आलेल्या माझ्या सासूबाईंना त्यांनी हे ऐकवलं, आणि सासूबाई पुढची दोन वर्षं आमच्याकडे आल्या नाहीत. तेवढ्यासाठी तरी मी नानांचा ऋणी होतो.

सणवारालाही वरच्या खोलीचा मान आधी. गणपतीत पहिला मोदक वर. ईदेला मोहल्ल्यातून कोणी ना कोणी शीरखुर्म्याचा डबा पाठवायचं, त्यातली पहिली वाटीही वर. टकटक करून नाना आत जायचे, वाटी खिडकीत ठेवायचे, दहा मिनिटं बसायचे. मग पाहुण्यांनी खाल्लं नाही म्हणून अन्नाचा अपमान नको, या विचाराने स्वतःच ती संपवून खाली यायचे. नानांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. काकी चुलीपासून न उठता विचारायच्या, "काय, वरच्यांचा पोट भरला कं?" नाना मिशीला लागलेली शेवई पुसत म्हणायचे, "भरला." काकींना गुडघेदुखी होती, साखरही होती, त्या आपल्या हयातीत दहा-बारा वेळा तरी वर गेल्या असतील की नाही, शंका आहे. पण 'ती खोली आपण वापरू' असं त्यांच्याही तोंडून कधी निघालं नाही.

ते निघालं माझ्या तोंडून. मुलगी लहान, त्यात गावाकडून आई दुखणं घेऊन आलेली. दीड खोलीत आम्ही चौघं. रात्री आई खोकायची, पोर उठायची, बायको भिंतीकडे तोंड करून पडायची. एका संध्याकाळी मी नानांना म्हटलं, "दोन महिने वरची खोली द्या. पाहुणे आले तर त्याच दिवशी रिकामी करतो. भाडं वेगळं देतो."

 नाना म्हणाले, "मास्तर, तुझी आय माझ्या घरान झोपंल. आमी पडवीत जाताव." आणि खरोखरच त्यांनी आपली खोली आईला दिली. स्वतः आणि काकी दोन महिने पडवीत झोपले. आईने त्यांना तोंडभरून आशीर्वाद दिले. मी मात्र मनातून जळत राहिलो. डोक्यावर वीस बाय पंधराची खोली रिकामी, आणि साठी उलटलेला माणूस डास मारत पडवीत झोपतो, याला माणुसकी म्हणायचं की खुळेपणा, हे मला ठरवता येईना. खरं सांगायचं तर त्या खोलीचाच मला राग यायला लागला. न आलेल्या माणसांचा राग यावा, असा तो चमत्कारिक राग होता.

त्या रागातून एक गोष्ट घडली. मी नानांसाठी एक पाटी रंगवली. शिसवी रंगाची फळी, त्यावर पिवळ्या अक्षरांत 'पाटील निवास', कोपऱ्यात छोटंसं कमळ. मन लावून केली होती. दोन पिढ्या घर सांभाळलं आणि नाव मात्र भलत्याचंच, हे मला पटत नव्हतं. नानांनी पाटी हातात धरून कौतुकाने बघितली, कमळावरून बोट फिरवलं. "झ्याक केलंस," म्हणाले. "मागच्या दाराला लाव."

"मागच्या दाराला कोण बघणार? पुढे लावू या, खांबावर."

"पुडं नको. कोन आला तर चुकंल."

मागच्या दाराला लावली. तिथे ती आमच्या धुण्याच्या दोरीआड चार वर्षं लटकली.

मग विमानतळाची हवा सुरू झाली आणि पनवेलची तऱ्हाच बदलली. ज्या गल्लीत पूर्वी भाजीवालासुद्धा वळत नसे, तिथे पांढऱ्या कपड्यांतले लोक फायली घेऊन फिरू लागले. जुनं घर दिसलं की मोबाईलवर फोटो काढायचे, ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे आणि पाणी पिता पिता "विकायचं आहे का?" म्हणायचे. नाना कंटाळून गेले. मला म्हणाले, "मी नसलो त दलाल दारान उभा करू नको." मी मान हलवली. तेवढी जबाबदारी मला आवडलीच.

त्या वर्षी नाना-काकी लेकीच्या घरच्या लग्नाला आठ दिवस उरणला गेले. मुलगा प्रदीप तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली, घरात मी एकटा, शाळेला सुट्टी. दुसऱ्या दिवशी मी मागच्या दाराची पाटी काढली, पुसली, आणि पुढे ओट्यावरच्या खांबाशेजारी भिंतीला लावली. मनाशी म्हटलं, नाना येण्याआधी काढून ठेवू. दलालांना तरी कळू दे घराला मालक आहे. हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण असं की मला ती पाटी तिथे बघायची होती.

पाचव्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. चालण्यावरून पन्नाशीची वाटणारी एक बाई उतरली, डोक्यावरून ओढणी घेतलेली, आणि तिच्याबरोबर पंचविशीचा मुलगा. मुलाच्या काखेत फाईल. उतरल्या उतरल्या त्याने मोबाईल काढून घराचा फोटो घेतला. मग वरच्या खिडकीचा. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. झालं, आणखी एक जोडी, असं म्हणून मी पेपर तोंडासमोर धरला.

बाईने आधी पाटी पुटपुटत वाचली. मग जरा गोंधळून विचारलं, "माफ करा हां भाई, कासमशेठचं घर हेच का?"

मराठी तिची होती, पण खूप दिवस घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखी. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा काहीच सुचलं नाही. मी पेपर खाली न घेता म्हणालो, "नाही. पाटलांचं घर आहे. पाटी दिसतेय ना?"

"वरती पिवळी खिडकी... आम्ही लांबून आलोय. जरा..."

"घर विकायचं नाहीये," मी म्हणालो. "मालक गावात नाहीत. आणि असते तरी भेटले नसते."

पेपरच्या कडेने दिसलं, मुलगा काही बोलणार होता. बाईने त्याच्या दंडाला हात लावला. "चल," म्हणाली. पायरी उतरण्याआधी तिने डावीकडे वळून त्या खांबाला तळवा लावला, बरोबर त्या काळ्या गुळगुळीत जागेवर, आणि कपाळाला टेकवला.

इथे मला खोटं लिहिता येईल. लिहिता येईल की माझं लक्ष नव्हतं, की मला ते संध्याकाळी आठवलं आणि मी बसस्टँडपर्यंत धावत गेलो. तसं झालं नाही. मी ते बघितलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. ही कासमशेठच्या घरातलीच, वयावरून जुबेदाची लेक असावी. खांबाला असा हात लावायचं बाहेरच्या माणसाला कोण सांगणार? रिक्षा सुरू व्हायला, वळायला, गल्लीच्या तोंडाशी म्हशी आडव्या आल्या म्हणून थांबायला चांगली दोन मिनिटं लागली. एक हाक पुरली असती. मी पेपर धरून बसून राहिलो. कारण आता उठायचं म्हणजे ती पाटी, तो उर्मटपणा, सगळ्याचा जाब द्यायचा. म्हशी गेल्या आणि रिक्षाही गेली.

पाटी मी त्याच संध्याकाळी मागे नेऊन लावली. नाना परतले तो शुक्रवारच होता. बॅग ठेवून आधी कळशी भरली. टकटक ऐकू आली. "येतंव हां."

त्यानंतर सांगायचं रोज ठरवायचो. आज त्यांचं पोट बिघडलंय, उद्या बघू. आज काकींना दवाखान्यात नेलंय, नको. मग काकीच गेल्या, आणि तेराव्यापर्यंत तर असं काही बोलायची सोय नव्हती. असं करत दोन वर्षं गेली. न सांगितलेली गोष्ट जुनी झाली की ती सांगण्यासारखी राहत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

काकींच्या मागे प्रदीपने घराचा विषय काढला. त्याचंही चूक नव्हतं. लग्नाचं वय टळत चाललं होतं, कौलं गळत होती, शेजारच्या दोन्ही घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि मधे आमचं घर दोन उंच माणसांत अडकलेल्या पोरासारखं. बिल्डरने कागद आणून ठेवले. नानांची सही तेवढी बाकी. सगळ्यांना वाटलं होतं नाना नकार देतील. नानांनी नकार दिला नाही, होकारही दिला नाही. आठ दिवस ते रोज वर जाऊन बसायचे.

आठव्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"मास्तर, तू घरान असतस. सुट्टीला, दुपारचा. मी हितं-तितं जातंव. खरा सांग. इतक्या वर्सांन वरच्यांचा कोन आलता?"

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मुलीच्या वहीवर चित्र काढून देत होतो, ते काढत राहिलो.

"नाही नाना. कोणी नाही आलं."

"कवाच?"

"कधीच नाही."

 नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. "मंग कोनासाठी ठेवायचा," असं म्हणाले आणि गेले. त्या संध्याकाळी त्यांनी सही केली.

मी असं का म्हणालो, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. लाज वाटली, हे एक. पण इमारत झाली की भाडेकरू म्हणून मलाही काही मिळणार होतं, आणि आज मी विचुंब्याला ज्या घरात बसून हे लिहितोय ते त्यातूनच झालं, हेही खरं आहे. त्या दुपारी यातलं कुठलं कारण माझ्या तोंडून बोललं, ते मला आजही सांगता येत नाही.

घर पाडायला चार दिवस लागले. सागवान खूप होतं. खांब जपून काढा, खालच्या प्रवेशदारात बसवू, असं बिल्डरने नानांना कबूल केलं होतं. तो महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये आडवा पडलेला मी पाहिला होता. नंतर नाही पाहिला. नानांनी चौकशी केली, तेव्हा कोणी म्हणालं टेम्पोत गेला, कोणी म्हणालं इथेच असेल. नानांनी पुन्हा विचारलं नाही. चौथ्या मजल्यावर त्यांना दिवाणखाना आणि दोन खोल्या असं घर मिळालं. गावाने थट्टा केली, खालचे पाटील अखेर वर गेले. नाना बाहेर पडताना लिफ्टच्या लोखंडी चौकटीला तळवा लावायचे आणि कपाळाला टेकवायचे.

मी महिन्यातून एकदा भेटायला जायचो. पहिल्याच भेटीत मी बघितलं, नाना दिवाणखान्यात लोखंडी खाटेवर झोपत होते. प्रदीपचं लग्न झालं होतं, एक खोली त्याची. दुसरीचं दार बंद. आत काय, हे मला विचारावं लागलं नाही. दाराबाहेर चपलांचा जोड होता. सून बिचारी चांगली होती, ती मला हळूच म्हणाली, "भाऊजी, शुक्रवारी टकटक करतात. मला आधी भीती वाटायची." मी म्हटलं, "हळूहळू सवय होते." त्या दिवशी मी चहा न घेता उठलो.

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर नानांनी अंथरूण धरलं. मोठं दुखणं असं काही नाही. माणूस संपत आला होता. प्रदीपचा फोन आला तेव्हा मी तसाच निघालो. घरात दुसरं कोणी नव्हतं, सून बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेली होती, दार तिने नुसतं ओढून घेतलं होतं. मी खाटेशेजारी बसलो आणि कसलीही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. पाटी, पेपर, पिवळी खिडकी, खांबाला लावलेला हात, म्हशी. उंबऱ्यावर बसून त्यांनी विचारलं आणि मी काय म्हणालो, तेही. बोलताना मी रडलो. नाना छताकडे बघत होते.

मी थांबलो. त्यांनी मान वळवली.

"ऊन व्हता?"

"हो."

"पानी तरी दिलास कं रं त्यांना?"

मी नाही म्हणालो. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले. आधीचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं होतं. त्यांचा चेहरा बदलला तो या एका उत्तराने. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी ताठ मानेने घरी गेलो असतो.

थोड्या वेळाने त्यांनी बंद दाराकडे बोट केलं. मी उठलो. दारापाशी गेलो आणि माझ्याही नकळत माझं बोट वर झालं. दोनदा टकटक केली. आत खाट, मडकं, आणि भिंतीत कोनाडा नाही म्हणून एका स्टुलावर तो बिस्किटाचा डबा. मी तो आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

"तू ठेव. परदीपला काय ठाव, मना बी काय ठाव, कशी दिसते ती. तू बघलंस तिला. कवा आली त तूच वलखशील."

नाना त्यानंतर बारा दिवसांनी गेले. बंद खोलीत आता प्रदीपच्या बाळाचा पाळणा आहे, आणि ते योग्यच आहे. डबा विचुंब्याला माझ्या कपाटात आहे. शुक्रवारी मी तो पुसतो. बायको काही म्हणत नाही. इमारतीच्या रखवालदाराला मी माझा नंबर लिहून दिलाय, कासमशेठचं घर विचारत कोणी आलं तर आधी बसव, पाणी दे, मग मला फोन कर. तो हो म्हणतो. दर दोन-तीन महिन्यांनी रखवालदार बदलतो, आणि मी पुन्हा जाऊन नव्याला सांगतो.

पण एक गोष्ट मी नानांना सांगितली नाही. त्या दिवशी डबा हातात घेताना सांगायला हवी होती, आणि नेहमीसारखा गप्प बसलो. मी चित्रकलेचा मास्तर. नाना गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, एकदा नाही, बऱ्याचदा. ओढणी काढता येते. खांब काढता येतो, त्याच्यावरचा तळवाही येतो. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच येत नाही. तिच्याशी बोलताना मी पेपर खाली घेतलाच नव्हता.